क्यूजीआयएसमध्ये पायथन वापरून ओव्हरलॅपवरून फीचर कसे गाळायचे: नवीन लोकांसाठी पायरीपायरीने

समजा तुमच्याकडे दोन लेयर (नकाशाचे थर) आहेत, एकात हजारो प्लॉट आणि दुसऱ्यात पूरक्षेत्राचे पॉलिगॉन (बंद आकार), यातली एकेक वस्तू म्हणजे एक फीचर, आणि कुणीतरी सांगितलंय की "पुरात येणारे प्लॉट वेगळे काढून द्या". वाटतं पाच मिनिटांचं काम आहे. मेनूत जायचं, सिलेक्ट बाय लोकेशन दाबायचं, झालं. मग निकाल येतो आणि त्यात पूररेषेला नुसती कड लागलेले प्लॉटही असतात, काही ठिकाणी निम्मा बुडालेला प्लॉट यादीत नसतो, आणि स्क्रिप्ट लिहायला घेतली तर कधी काहीच सिलेक्ट होत नाही, एररही येत नाही. हा लेख त्यासाठी. यात मी क्यूजीआयएस हे जीआयएस, म्हणजे नकाशांच्या डेटावर काम करायचं, सॉफ्टवेअर धरून चाललोय कारण ते फुकट आहे आणि पायथन त्याच्या आतच येतं, पण दुसरं जीआयएस सॉफ्टवेअर वापरत असाल तरी पायरी १ तशीच्या तशी आणि पायरी ४ मधला विचार (तिथले नंबर सोडून) लागू पडतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, फंक्शनची नावं मी इथे आपण तोंडी बोलतो तशी लिहिलीत. कन्सोलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची, पहिली तीन-चार अक्षरं टाकली की ऑटोकम्प्लीट पूर्ण नाव दाखवतं, आणि क्यूजीआयएसच्या जवळपास सगळ्या क्लासच्या नावाआधी क्यू-जी-एस ही अक्षरं असतात हे लक्षात ठेवलं की शोधायला सोपं जातं.

काय काय लागेल

- क्यूजीआयएस ३ ची कुठलीही बऱ्यापैकी नवी आवृत्ती. नवीन असाल तर लाँग टर्म रिलीज घ्या, ती कमी त्रास देते.
- वेगळं पायथन इन्स्टॉल करू नका. केलेलं असेल तर राहू द्या, पण क्यूजीआयएसची लायब्ररी त्या पायथनला दिसत नाही आणि इम्पोर्ट करताना मॉड्यूल सापडत नाही असा एरर येतो. आपलं सगळं काम क्यूजीआयएसच्या आतल्या पायथन कन्सोलमध्ये होतं, कंट्रोल, आल्ट आणि पी एकत्र दाबलं की तो उघडतो.
- दोन लेयर: ज्यातून गाळायचं तो (आपले प्लॉट) आणि ज्याच्याशी ताडून बघायचं तो (पूरक्षेत्र). शक्यतो जिओपॅकेजमध्ये (नकाशाचा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारा फॉरमॅट). शेपफाइल (जुना फॉरमॅट, एका लेयरच्या अनेक फाइल) असेल तर तिच्यासोबतच्या सगळ्या फाइल एकाच फोल्डरात आहेत ना बघा, कारण पीआरजे फाइल हरवली की लेयरची कोऑर्डिनेट सिस्टिम, म्हणजे त्यातले आकडे पृथ्वीवर कुठली जागा दाखवतात, हेच कळत नाही.
- मूळ डेटाची एक कॉपी. कॉपीवर काम करा, मूळ फाइलला हात लावू नका.

पायरी १. "येणारे" म्हणजे किती येणारे ते आधी ठरवा

कोड लिहिण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा. पूरक्षेत्राला जराही लागलेला प्लॉट हवाय का? पूर्ण आत असलेलाच हवाय? निम्म्याहून जास्त बुडालेला हवाय? की कमीत कमी अमुक चौरस मीटर तरी पाण्याखाली गेलेला हवाय? हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि चारांची उत्तरं वेगळी येतात, कधीकधी तर इतकी वेगळी की दोन माणसं एकाच डेटावरून दोन याद्या काढतात आणि मग भांडत बसतात की कुणाची बरोबर.

काम सांगणाऱ्यालाही हे बहुतेक वेळा माहीत नसतं, त्याने नुसतं "ओव्हरलॅप होणारे" म्हटलेलं असतं. विचारून घ्या. आणि ईमेलवर विचारा, म्हणजे पुढे दाखवता येतं.

पायरी २. लेयर तपासून घ्या (हे टाळू नका प्लीज)

तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, कोऑर्डिनेट सिस्टिम. दोन्ही लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ईपीएसजी कोड (प्रत्येक कोऑर्डिनेट सिस्टिमचा ठरलेला नंबर) बघा. ४३२६ असेल तर कोऑर्डिनेट अंशांत आहेत, म्हणजे क्षेत्रफळ काढलं तर ते "चौरस अंशांत" येईल, ज्याचा कुणालाच काही उपयोग नाही. ३८५७ असेल तर एकक मीटर दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो, पण ही वेब नकाशांची प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट करायची पद्धत) आहे आणि विषुववृत्तापासून लांब गेलं की क्षेत्रफळ फुगत जातं, ६० अक्षांशावर तर जवळपास चौपट दिसतं. क्षेत्रफळाशी संबंधित काहीही करायचं असेल तर आपल्या भागाच्या यूटीएम झोनमध्ये (यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी सिस्टिम) लेयर रीप्रोजेक्ट करून घ्या. झोन काढायचा सोपा हिशोब: रेखांशात १८० मिळवा (पश्चिम रेखांश असेल तर तो उणे धरायचा), ६ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या, १ मिळवा. म्हणजे पूर्व रेखांश १० असेल तर १९० भागिले ६, पूर्णांक ३१, अधिक १, झोन ३२. उत्तर गोलार्धात कोड ३२६ च्या पुढे झोन नंबर म्हणजे ३२६३२, दक्षिण गोलार्धात ३२७ च्या पुढे. डेटा बराच पसरलेला असेल, दोन-तीन झोनवर जात असेल, तर मात्र यूटीएमचा हट्ट धरू नका, त्या प्रदेशासाठीची एखादी इक्वल एरिया प्रोजेक्शन शोधा.

इथला मोठा सापळा: "सेट लेयर सीआरएस" (सीआरएस म्हणजे कोऑर्डिनेट सिस्टिमच) आणि "रीप्रोजेक्ट लेयर" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं फक्त लेबल बदलतं, आतले आकडे तेच राहतात. दुसरं आकडे खरोखर बदलून नवा लेयर देतं. आपल्याला दुसरं हवंय. पहिलं केलंत तर लेयर नकाशावर कुठेतरी भलतीकडेच जाऊन बसतो आणि मग ओव्हरलॅप शून्य.

दुसरी गोष्ट, बिघडलेले पॉलिगॉन. स्वतःलाच छेदणारी कड, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पिळलेला आकार, असले पॉलिगॉन डेटात असतातच. प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये "चेक व्हॅलिडिटी" चालवा आणि चुकीचे निघाले तर "फिक्स जॉमेट्रीज" (जॉमेट्री म्हणजे फीचरचा नकाशावरचा आकार) चालवून नवा लेयर घ्या. सेटिंग्जमध्ये बिघडलेले फीचर आले तर काय करायचं याचे पर्याय आहेत, थांबा, सोडून द्या, किंवा तपासूच नका. बरेच जण एरर आला की वैतागून "सोडून द्या" निवडतात, आणि मग ते फीचर निकालातून गुपचूप गायब होतात. त्यापेक्षा थांबलेलं बरं.

तिसरी, रिकाम्या जॉमेट्री. टेबलमध्ये ओळ आहे पण नकाशावर आकारच नाही. "रिमूव्ह नल जॉमेट्रीज" चालवून त्या बाजूला काढा आणि किती निघाल्या ते लिहून ठेवा, शेवटी हिशोब जुळवताना लागेल.

पायरी ३. आधी हाताने करा, मग कोड उचला

कोरा एडिटर उघडून टाइप करत बसायची गरज नाही. टूलबॉक्समधून "सिलेक्ट बाय लोकेशन" उघडा, पर्याय निवडा, रन करा. मग प्रोसेसिंगच्या मेनूतून हिस्टरी उघडा, तिथे तुम्ही आत्ता जे केलं त्याची नोंद असते, राइट क्लिक केलं की पायथन कमांड म्हणून कॉपी करता येते. ती कन्सोलच्या एडिटरमध्ये पेस्ट करा. झाली तुमची पहिली स्क्रिप्ट.

त्यात काय दिसेल ते समजून घ्या. प्रोसेसिंग डॉट रन, कंसात पहिलं अल्गोरिदमचं नाव (नेटिव्ह, कोलन, सिलेक्टबायलोकेशन) आणि मग महिरपी कंसात चार गोष्टी: इनपुट म्हणजे ज्यातून निवडायचं तो लेयर, प्रेडिकेट म्हणजे संबंध कुठला, इंटरसेक्ट म्हणजे ज्याच्याशी ताडायचं तो लेयर, आणि मेथड म्हणजे आधीच्या सिलेक्शनचं काय करायचं. मेथडमध्ये ० म्हणजे नवं सिलेक्शन, १ म्हणजे आधीच्यात भर, २ म्हणजे आधीच्यातूनच पुन्हा गाळा, ३ म्हणजे आधीच्यातून काढून टाका. कुठल्याही अल्गोरिदमला काय काय लागतं ते विसरलात तर प्रोसेसिंग डॉट अल्गोरिदम हेल्प आणि कंसात त्याचं नाव लिहा, सगळी यादी कन्सोलमध्ये छापून येते. हे एक फंक्शन माहीत असलं की निम्मं सर्च करायचं वाचतं.

कॉपी केलेल्या कमांडमध्ये लेयरच्या जागी लांबलचक फाइल पाथ असतो. त्याऐवजी प्रोजेक्टमधून नावाने लेयर घ्या: प्रोजेक्ट इन्स्टन्स, त्यावर मॅप लेयर्स बाय नेम. हे फंक्शन यादी देतं, एक लेयर नाही, कारण एकाच नावाचे दोन लेयर असू शकतात, म्हणून शेवटी चौकोनी कंसात शून्य लावून पहिला उचलायचा. नावात एखादी स्पेस जास्त असली तरी यादी रिकामी येते आणि इंडेक्स एरर पडतो, तेव्हा गोंधळू नका, नाव तपासा.

अजून एक: कन्सोलमधून चालवताना इंटरसेक्ट लेयरमधले सगळे फीचर धरले जातात, तुम्ही नकाशावर एकच पूरक्षेत्र पिवळं करून ठेवलं असलं तरी. फक्त सिलेक्ट केलेलेच घ्यायचे असतील तर लेयर थेट न देता प्रोसेसिंग फीचर सोर्स डेफिनिशन नावाच्या क्लासमध्ये गुंडाळून द्यायचा आणि सिलेक्टेड फीचर्स ओन्ली ट्रू करायचं. डायलॉगमध्ये तो चेकबॉक्स टिक करून कमांड कॉपी केली की हे आपोआप येतं. लेयरवर फिल्टर लावलेला असेल तर मात्र उलटं, अल्गोरिदमला फक्त फिल्टर झालेलेच फीचर दिसतात, बाकीचे त्याच्या लेखी नसतातच.

पायरी ४. प्रेडिकेट: सगळा घोळ इथे होतो

यादी अशी आहे: ० इंटरसेक्ट, १ कंटेन, २ डिसजॉइंट, ३ इक्वल, ४ टच, ५ ओव्हरलॅप, ६ विदिन, ७ क्रॉस. एकापेक्षा जास्त दिलेत तर "यापैकी कुठलंही एक लागू असलं तरी चालेल" असा अर्थ होतो, "सगळे लागू हवेत" असा नाही. सगळे लागू हवे असतील तर दोनदा चालवायचं, दुसऱ्यांदा मेथड २.

आता नवीन माणूस काय करतो, त्याला ओव्हरलॅप होणारे प्लॉट हवेत म्हणून तो ५ निवडतो. आणि पूर्ण बुडालेले प्लॉट यादीतून गायब होतात! कारण ओव्हरलॅप प्रेडिकेटचा नियम असा की दोन्ही आकार एकाच प्रकारचे हवेत (पॉलिगॉन-पॉलिगॉन, रेषा-रेषा), त्यांचा काही भाग समाईक हवा, आणि प्रत्येकाचा थोडा तरी भाग दुसऱ्याच्या बाहेर हवा. पूर्ण आत असलेला प्लॉट या नियमात बसतच नाही. पॉइंट आणि पॉलिगॉन यांच्यात तर हे प्रेडिकेट कधीच खरं होत नाही, विहिरींचे पॉइंट घेऊन ५ चालवलंत तर शून्य येणार म्हणजे येणारच, त्यात डेटाची काही चूक नाही.

मग ० घ्या. इंटरसेक्टमध्ये सगळं येतं, आत असलेलं, अर्धं असलेलं, आणि नुसती कड किंवा एक कोपरा लागलेलंही. शेजारशेजारच्या हद्दी एकच रेषा वापरत असतील तर पूरक्षेत्राच्या बाहेरचे पण त्याला खेटून असलेले सगळे प्लॉट यादीत घुसतात. त्यांना हाकलायचं असेल तर दोन टप्पे करा: आधी ० ने नवं सिलेक्शन, मग ४ म्हणजे टच ने मेथड ३ वापरून काढून टाका. पण यातही गोम आहे. एक प्लॉट एका पूरक्षेत्रात निम्मा असेल आणि शेजारच्या दुसऱ्या पूरक्षेत्राला नुसता खेटून असेल तर तोही निघून जाईल, कारण अल्गोरिदम एकेका पूरक्षेत्राशी वेगवेगळं ताडून बघतं.

हेच विदिनच्या बाबतीत. प्लॉट दोन शेजारच्या पूरक्षेत्रांत मिळून पूर्ण बुडाला असेल, पण एकट्या कुठल्याही एकाच्या आत पूर्ण नसेल, तर ६ त्याला बाहेर ठेवतं. इलाज सोपा, पूरक्षेत्र लेयरवर आधी "डिझॉल्व्ह" चालवून एकच आकार करून घ्या. शिवाय विदिन फार काटेकोर आहे, प्लॉटची कड पूररेषेवरून काढलेली असेल आणि दोन्ही डेटा वेगळ्या लोकांनी डिजिटाइझ केले असतील तर एखाद्या मिलिमीटरनेही बाहेर गेलेला प्लॉट "आत नाही" ठरतो. खरं सांगायचं तर प्रत्यक्ष कामात माझा विदिनवर फारसा भरवसा नाही. "९९ टक्के आत" असं लिहिणं जास्त प्रामाणिक वाटतं, आणि ते कसं करायचं ते पायरी ६ मध्ये आहे.

पायरी ५. सिलेक्ट, एक्सट्रॅक्ट की फिल्टर?

सिलेक्ट म्हणजे फक्त पिवळं करणं, क्यूजीआयएस बंद केलं की गेलं. एक्सट्रॅक्ट बाय लोकेशन म्हणजे जुळणारे फीचर नव्या लेयरमध्ये कॉपी. इथे आउटपुटला टेम्पररी दिलंत तर तो लेयर मेमरीत असतो, प्रोजेक्ट सेव्ह केला तरी लेयर सेव्ह होत नाही, त्यामुळे टिकवायचा असेल तर सरळ जिओपॅकेजचा पाथ द्या.

तिसरा प्रकार लेयरवरच फिल्टर लावायचा, सेट सबसेट स्ट्रिंगने. यात मूळ लेयरच नकाशावर गाळून दिसतो, कॉपी होत नाही. फिल्टरला मात्र जॉमेट्री बहुतेक फॉरमॅटमध्ये कळत नाही, त्याला कॉलम लागतो. म्हणून काही जण सिलेक्ट झालेल्या आयडींची लांबच लांब यादी त्या स्ट्रिंगमध्ये भरतात. पन्नास आयडी असतील तर ठीक. हजारो असतील तर नको, त्यापेक्षा लेयरमध्ये एक कॉलम वाढवा, त्यात हो-नाही भरा आणि त्यावर फिल्टर लावा. लेयर एडिट मोडमध्ये असताना फिल्टर लागत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पायरी ६. टक्केवारीवर गाळणं

हाच बहुतेकांना हवा असलेला खरा ओव्हरलॅप. प्लॉटचा किती भाग पूरक्षेत्रात आहे ते मोजायचं आणि ठरवलेल्या मर्यादेच्या वरचे ठेवायचे.

आधी बिनकोडचा मार्ग, कारण पुष्कळांचं काम त्यातच भागतं. टूलबॉक्समध्ये "ओव्हरलॅप अ‍ॅनालिसिस" नावाचं टूल आहे, इनपुट प्लॉट, ओव्हरले पूरक्षेत्र. आउटपुटमध्ये दोन कॉलम वाढून येतात, एकात समाईक क्षेत्रफळ आणि दुसऱ्यात टक्केवारी, शेवटी पीसी असलेला. मग एक्सट्रॅक्ट बाय एक्स्प्रेशनने पन्नासच्या वरचे काढा. हे दोन्ही टूल प्रोसेसिंग डॉट रनने एकामागोमाग बोलावले की चार-पाच ओळींची नीट स्क्रिप्ट तयार.

स्वतः लूप लिहायची वेळ येते ती अटी गुंतागुंतीच्या असतात तेव्हा, उदाहरणार्थ निवासी प्लॉटला १० टक्के मर्यादा आणि मोकळ्या प्लॉटला ५० टक्के. मग असं करा:

(क) पूरक्षेत्र लेयरच्या गेट फीचर्समधून प्रत्येकाची जॉमेट्री काढून एका यादीत भरा. दोन लेयरची कोऑर्डिनेट सिस्टिम वेगळी असेल तर इथेच प्रत्येक जॉमेट्री प्लॉटच्या सिस्टिममध्ये बदला, त्यासाठी कोऑर्डिनेट ट्रान्सफॉर्म क्लासला स्रोत, लक्ष्य आणि प्रोजेक्ट इन्स्टन्स द्यायचा. हे का महत्त्वाचं, तर सिलेक्ट बाय लोकेशन दुसरा लेयर स्वतःहून बदलून घेतं, पण तुम्ही हाताने दोन जॉमेट्री ताडता तेव्हा कुणीही काहीही बदलत नाही, आकडे जसे आहेत तसे ताडले जातात आणि निकाल शून्य येतो. बिनएररचा शून्य निकाल आला की पहिला संशय इथे घ्या. आणि ट्रान्सफॉर्म हे फंक्शन जॉमेट्री जागच्या जागी बदलतं, परत फक्त काम झालं की नाही याचा कोड देतं, त्यामुळे जी बरोबर जी डॉट ट्रान्सफॉर्म असं लिहिलंत तर जॉमेट्री हातची जाते आणि व्हेरिएबलमध्ये तो कोड उरतो. नुसतं जी डॉट ट्रान्सफॉर्म लिहा.

(ख) यादीवर युनरी युनियन चालवून एकच आकार करा. हे गाळू नका. पूरक्षेत्रं एकमेकांवर चढलेली असतील, जसं २५ वर्षांची पूररेषा आणि १०० वर्षांची पूररेषा एकाच लेयरमध्ये, तर वेगवेगळं मोजून बेरीज केली की प्लॉट १८० टक्के बुडालेला निघतो. युनियन झाल्यावर तो नल आलाय का तेही बघा, नल आला तर आधीची जॉमेट्री कुठेतरी बिघडलेली आहे, पायरी २ ला परत जा.

(ग) त्या युनियनवरून क्रिएट जॉमेट्री इंजिन बनवा आणि प्रिपेअर जॉमेट्री म्हणा. म्हणजे तोच आकार हजार वेळा ताडताना दर वेळी नव्याने तयारी होत नाही. इंजिनला युनियन द्यायचं ते कॉन्स्ट गेट लावून, आणि युनियनचं व्हेरिएबल लूप संपेपर्यंत जिवंत ठेवायचं. इंजिन आतून त्याच्याकडेच बोट दाखवत असतं, व्हेरिएबल न ठेवता एकाच ओळीत सगळं लिहायची हौस केली तर क्यूजीआयएस अख्खं क्रॅश होऊ शकतं.

(घ) आता प्लॉटवर लूप, पण सगळ्या प्लॉटवर नाही. फीचर रिक्वेस्ट बनवून सेट फिल्टर रेक्टमध्ये युनियनचा बाउंडिंग बॉक्स (आकाराला घेरणारा सरळ चौकोन) द्या, लांबचे प्लॉट वाचलेच जात नाहीत.

(ङ) लूपच्या आत तीन प्रश्न याच क्रमाने. इंजिन म्हणतंय का इंटरसेक्ट होतं? नाही, तर पुढचा. इंजिन म्हणतंय का कंटेन, म्हणजे प्लॉट पूर्ण आत आहे? हो, तर वाटा १, मोजायची गरज नाही. उरलेल्यांसाठीच इंटरसेक्शन काढा आणि त्याचं क्षेत्रफळ भागिले प्लॉटचं क्षेत्रफळ. सगळ्यात वेळखाऊ काम इंटरसेक्शनचं असतं आणि या क्रमामुळे ते फक्त कडेवरच्या प्लॉटसाठी होतं. नुसती कड लागलेल्या प्लॉटचं इंटरसेक्शन रेषा किंवा बिंदू येतं, त्याचं क्षेत्रफळ शून्य, म्हणजे पायरी ४ मधली टचची कटकट इथे आपोआप मिटते. भागाकार करण्याआधी प्लॉटचं क्षेत्रफळ शून्य नाही ना ते बघा.

(च) मर्यादेच्या वर असेल तर आयडी यादीत टाका, लूप संपल्यावर सिलेक्ट बाय आयडीज.

डेटा अंशांत असला तर? लहान प्लॉटसाठी टक्केवारी तरीही जवळपास बरोबर येते कारण वर आणि खाली दोन्हीकडे सारखाच विपर्यास असतो आणि तो कटून जातो. पण "कमीत कमी २०० चौरस मीटर" अशी अट असेल तर ते चालणार नाही, रीप्रोजेक्ट करा किंवा डिस्टन्स एरिया क्लासला एलिप्सॉइड (पृथ्वीचा गणिती आकार) देऊन त्याच्या मेजर एरियाने मोजा.

मर्यादेबद्दल माझं मत, टक्केवारी एकटी वापरू नका. मोठ्या प्लॉटचे ५ टक्के म्हणजे अख्खं घर असू शकतं आणि छोट्या तुकड्याचे ६० टक्के म्हणजे काहीच नाही. टक्केवारी किंवा क्षेत्रफळ, दोन्हीपैकी एक ओलांडलं तरी घ्या, अशी अट बऱ्याचदा जास्त शहाणपणाची ठरते.

मध्यबिंदू आत आहे का एवढंच बघायचा एक शॉर्टकट लोक वापरतात. पटकन होतो, पण इंग्रजी एल किंवा यू आकाराच्या प्लॉटचा हा मध्यबिंदू (सेंट्रॉइड) प्लॉटच्या बाहेरही पडू शकतो. शॉर्टकट वापरायचाच असेल तर पॉइंट ऑन सर्फेस घ्या, तो बिंदू आकाराच्या बाहेर जात नाही.

पायरी ७. फारच हळू चालतंय?

आधी दोन्ही लेयरवर "क्रिएट स्पेशियल इंडेक्स" चालवा, म्हणजे कुठला फीचर कुठे आहे याची पटकन शोधता येणारी सूची बनते. जिओपॅकेज सेव्ह करताना इंडेक्स सहसा आपोआप होतो, शेपफाइलला बहुतेक वेळा नसतो.

तरीही हळू असेल तर दोष बहुधा युनियनचा आहे. नदीकाठाने नागमोडी जाणाऱ्या पूरक्षेत्राचा एकच महाकाय पॉलिगॉन, त्यात लाखो शिरोबिंदू, आणि प्रत्येक प्लॉट त्या सगळ्याशी ताडला जातोय. अशा वेळी डिझॉल्व्ह केलेल्या लेयरवर "सबडिव्हाइड" चालवा, ते आकाराचे छोटे तुकडे पाडतं, एका तुकड्यात मूळ सेटिंगप्रमाणे जास्तीत जास्त २५६ बिंदू. मग "मल्टिपार्ट टू सिंगलपार्ट्स" करून त्या तुकड्यांचा स्पेशियल इंडेक्स बनवा, प्रत्येक प्लॉटसाठी इंडेक्सला विचारा जवळचे तुकडे कुठले, आणि फक्त त्यांच्याशी इंटरसेक्शन काढून बेरीज करा. तुकडे एकमेकांवर चढत नाहीत म्हणून इथे बेरीज चालते.

इंडेक्सच्या फंक्शनचं नावही इंटरसेक्ट्सच आहे आणि त्यामुळे फसायला होतं. तो फक्त बाउंडिंग बॉक्स बघतो, खरा आकार नाही. तिरकी लांब नदी असेल तर तिचा बॉक्स अर्धा नकाशा व्यापतो. इंडेक्सने दिलेली यादी म्हणजे "कदाचित" वाले, खरी तपासणी त्यानंतर करायचीच.

पायरी ८. निकाल पडताळा

पायरी २ मध्ये नल काढले असतील तर इंटरसेक्टने आलेले अधिक डिसजॉइंटने आलेले बरोबर एकूण फीचर, एवढी बेरीज जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर कुठेतरी फीचर गळतायत.

दुसरं म्हणजे स्वतः पाच पॉलिगॉन काढून एक छोटा टेस्ट लेयर बनवा: एक पूर्ण आत, एक पूर्ण बाहेर, एक नुसता कडेला खेटलेला, एक अंदाजे अर्धा, एक दोन पूरक्षेत्रांच्या सांध्यावर. स्क्रिप्ट आधी त्याच्यावर चालवा. या पाचांचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे, त्यामुळे चूक लपत नाही. मोठ्या डेटावर मर्यादेच्या अगदी आसपासचे, म्हणजे ४८ ते ५२ टक्के वाले, डोळ्यांनी बघा. वाद नेहमी त्यांच्यावरच होतो.

पायरी ९. इंटरनेटवरून उचललेला कोड चालत नाही तेव्हा

क्यूजीआयएस ३.० २०१८ मध्ये आलं आणि त्यात पायथन २ जाऊन पायथन ३ आलं, बरीच नावंही बदलली. जुनी उत्तरं अजून सर्चमध्ये वर दिसतात. कोडमध्ये प्रोसेसिंग डॉट रन-अल्ग दिसलं किंवा मॅप लेयर रजिस्ट्री दिसली की तो जुना आहे समजा, पहिल्याच्या जागी प्रोसेसिंग डॉट रन आणि दुसऱ्याच्या जागी प्रोजेक्ट इन्स्टन्स येतं. पण नुसतं नाव बदलून भागत नाही, रन-अल्गमध्ये पॅरामीटर ओळीने दिलेले असायचे, आता नावानिशी द्यावे लागतात, म्हणून पायरी ३ मधली कॉपीची युक्ती वापरून ताजी कमांडच घ्या.

आणि हीच स्क्रिप्ट रोज रात्री आपोआप चालवायची असेल तर कन्सोलची गरज नाही, क्यूजीआयएससोबत क्यूजीआयएस-प्रोसेस नावाची कमांड येते, टर्मिनलमधून तिला अल्गोरिदमचं नाव आणि पॅरामीटर दिले की विंडो न उघडता काम होतं. तिथे सिलेक्ट बाय लोकेशन वापरू नका मात्र, विंडोच नाही तर पिवळं कुठे करणार, एक्सट्रॅक्ट घ्या आणि आउटपुटला पूर्ण पाथ द्या.